तळं गळलं पाहिजे

आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या सरांना गाव ‘मातीखाऊ मास्तर’ म्हणायचं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. सर खरोखरच माती खायचे. पोटभर नव्हे, चिमूटभर. नव्या रानात पाय पडला की खाली वाकायचे, ढेकूळ बोटांत चुरडायचे, कण जिभेच्या शेंड्यावर ठेवायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. भोवती माणसं आहेत, म्हशी आहेत, कशाचं भान नाही. मग डोळे उघडून, पंगतीत बसलेल्यानं जिलबीबद्दल बोलावं तशा सुरात म्हणायचे, “वा! खाली चुनखडी आहे बरं का! नक्की चुनखडी!”

मी त्या शाळेत विज्ञान शिकवायला आले तेव्हा नुकती बी.एस्सी. झाले होते. संगमनेरच्या पठारावरचं ते गाव, आणि बहात्तरचा दुष्काळ. माणसं सकाळी खडी फोडायला जायची, पोरं फुकट मिळणाऱ्या सुकडीच्या वासानं शाळेत यायची. मी मुळात अबोल. कुणी विचारलं तरच बोलायचं आणि विचारलं त्यातलंही अर्धंच सांगायचं, ही माझी सवय. त्या सवयीनं पुढे काय केलं ते याच लिखाणात यायचं आहे.

पहिल्याच दिवशी सरांनी मला व्हरांड्यात अडवलं. “बाई, तुम्ही रसायनवाल्या ना? मग हे तुमचे नातेवाईक,” असं म्हणून हातात एक दगड ठेवला. काळा, भोकाभोकांचा, एकेका भोकात पांढरे चकचकीत स्फटिक. “पिठलं रटरटतं ना चुलीवर? तसा हा दगड एके काळी रटरटत होता. ही भोकं म्हणजे त्याचे बुडबुडे. बाई, तुम्ही पिठल्याचा बुडबुडा हातात धरून उभ्या आहात!”

मी पुस्तकांत लाव्हा वाचला होता, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. पण पायाखालची जमीन एकदा रटरटली होती, हे मला त्या व्हरांड्यात पहिल्यांदा कळलं. दगड घरी नेऊन मी उशाशी ठेवला. घरमालकीण म्हणाली, “लागलं का तुमास्नीबी मास्तरचं येड?” लागलं होतं.

सरांबरोबर प्रवास करणं म्हणजे शिक्षा. एकदा राहुरीला परीक्षेच्या कामाला निघालो होतो. देवळाली प्रवरेला एस.टी. थांबली, तर सर खिडकीतून बाहेर बघून ओरडले, “बाई, पांढरं! पांढरं बघा!” उसाच्या कडेचं एक रान मीठ शिंपडल्यासारखं पांढरं पडलेलं. सर उतरले, बांध ओलांडला, बसले आणि चाखायला लागले.

कंडक्टर दारात येऊन म्हणाला, “ओ सर, चाखून झालं आसंल तर चढा. का डबा बांधून देऊ?”

“अहो, पृथ्वीला घाई नसते,” सर तिथूनच म्हणाले, “एस.टी.ला असते.”

“मग पृथ्वीनंच या राहुरीला,” म्हणून त्यानं दोरी ओढली. अख्खी गाडी हसली. सर संध्याकाळी धुळीनं माखून पोचले, ते त्याच आनंदात. “बाई, पाट सुटला म्हणून नुसतं पाणी पाजत राहिले, निचरा होऊ दिला नाही, तर जमिनीलाही अजीर्ण होतं. वर येतं ते मीठ नव्हे, तो ढेकर आहे!” तिथं आमच्या शाळेचे हेडमास्तर रागावून उभे होते. सरांनी त्यांनाही खिशातली चिमूटभर माती चाखायला दिली.

याच हेडमास्तरांना बैल घ्यायचा होता, म्हणून सर त्यांच्याबरोबर घोडेगावच्या बाजाराला गेले होते. व्यापारी बैलाची तारीफ करत होता, “नेवाशाच्या काळ्या रानातला हाय, सायेब.” सर बैलाच्या पायाशी बसून काडीनं खुरातली माती काढत होते.

“मास्तर, बैल घ्यायचाय का खूर?”

“खूरच बोलतोय. म्हणतोय, मी मुरमाड माळावरचा आहे.”

“त्याला तोंडबी हाय की! त्यालाच इचारा!”

पण शेवटी व्यापाऱ्याचा चेहरा पडला. “व्हय, मेव्हन्याचा हाय. तिकडं पारनेरच्या अंगाला आस्तो.” हेडमास्तर परत फिरायला लागले, तर सरांनीच त्यांना थांबवलं. म्हणाले, हाच घ्या, मुरमावर वाढलेला बैल आपल्या पठारावर रुसणार नाही. तो बैल पुढे पुष्कळ वर्षं चालला. हेडमास्तर सरांवर चिडले की लोक बैलाकडे बोट दाखवायचे.

मात्र सरांचं खरं वेड विहिरी. दुष्काळात गावोगाव जुन्या विहिरी खोल करण्याचं काम चाललं होतं, आणि सरांना कुठं सुरुंग वाजला की चैन पडायचं नाही. मोटेच्या नाड्याला फळी बांधून तिच्यावर मांडी घालून बसायचे आणि “सोडा!” म्हणायचे. खालून त्यांचा आवाज घुमत वर यायचा. “मुरूम संपला! आता काळा फत्तर! अहाहा, इथं भेग आहे!” वर काठावर मुलं वह्या घेऊन बसलेली. सर म्हणायचे, विहीर खणतात पाण्यासाठी, पण पाणी नाही लागलं तरी धडा लागतोच.

गावविहिरीत अर्ध्या खोलीवर एक लाल पट्टा होता. वर काळा खडक, खाली काळा खडक, मधे विटकरी लाल माती, हातभर जाडीची. तो पट्टा पोरांना समजावा म्हणून सरांनी एक दिवस वर्गात भाकरी मागितल्या. दुष्काळात भाकरी मागणारा मास्तर मी तो एकच पाहिला. त्या वर्षी सरकारी धान्यात लाल मिलो यायची, तिची भाकरी लाल व्हायची आणि घशाखाली उतरायची नाही. सरांनी खाली बाजरीची भाकरी ठेवली, वर मिलोची, तिच्यावर पुन्हा बाजरीची.

“पहिली भाकरी म्हणजे लाव्ह्याचा एक लोट. तो थंड झाला. मग लाखो वर्षं काहीच नाही. ऊन, पाऊस, वारा. वरचा खडक कुजला, लाल माती झाली. आणि मग, काय म्हणता! पुन्हा लाव्हा! त्या मातीवर दुसरी भाकरी! माती भाजून निघाली! आपला सगळा सह्याद्री म्हणजे अशी भाकऱ्यांची चवड आहे, पोरांनो!”

मग त्यांनी वरच्या भाकरीला बोटानं भोक पाडलं आणि त्यात तांब्यातलं पाणी ओतलं. पाणी भोकातून खाली गेलं, मिलोच्या भाकरीवर अडलं आणि तिच्या कडेनं बाजूला झिरपून ताटात आलं. वर्ग ओरडला. मी दारात उभी होते, मीही ओरडले. “समजलं? लाल थर पाण्याला खाली जाऊ देत नाही, आडवं नेतो. जिथं तो विहिरीत उघडा पडलाय तिथं पाणी बाहेर येणार. आता प्रयोग खाऊन टाका!”

त्या दिवसापासून आमचे रविवार डोंगराच्या उतारावर गेले. सर, मी आणि वरच्या वर्गाची मुलं, विहिरीतला तो लाल पट्टा टेकडीवर कुठं डोकं काढतो ते हुडकत हिंडायचो. गावाच्या वर ओढ्यात एके ठिकाणी काळ्या खडकाला उभी भेग होती आणि थोडं खाली काठाच्या दरडीत तोच लाल थर दिसत होता. सर तिथं अक्षरशः नाचले. एक पाय उचलून, धोतराचा सोगा हातात धरून. “बाई, भाकरीचं भोक! भाकरीचं भोक सापडलं!”

तिथं बांध घालायचा आणि ओढ्याचं पाणी त्या भेगेवर उभं करायचं, असं ठरलं. पाझर तलाव हा शब्द तेव्हा खडीच्या कामावर सगळ्यांच्या कानांवरून गेला होता, पण लोकांच्या मनातलं तळं म्हणजे भरलेलं तळं. देवळापुढच्या बैठकीत सर म्हणाले, “हे तळं गळलं पाहिजे. भरून राहिलं तर आपण हरलो.” त्यावर एक म्हातारा म्हणाला, “मास्तर, गळकी घागर कुनी इकत घेतं का?” हशा झाला. सर तावात आले. “ओढ्याला एकदा पाणी येऊ द्या. महिन्याच्या आत गावविहीर वर आली नाही तर मी भूगोल शिकवणं सोडीन!”

सरांनी एवढं मोठं पणाला लावलं याची त्यांना स्वतःला खबर नव्हती. मला होती. भूगोल काढून घेतला तर त्या माणसात धोतर आणि टोपी एवढंच उरलं असतं.

खडीच्या सुट्टीच्या दिवशी सगळं गाव श्रमदानाला येई. बायकांत पुढं असायच्या गंगूमावशी. मावशींचं घरलिंपण पंचक्रोशीत नावाजलेलं. कणगी लिंपावी तर त्यांनीच, मुंगीला शिरायला फट मिळायची नाही. बांध उभा राहिला. पुढच्या आषाढात एका दुपारी ओढा आला, तळं भरलं आणि आभाळ पुन्हा कोरडं झालं. शाळा चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष संगमनेरहून जलपूजनाला यायचे ठरले. बायकांनी पाण्याची ओटी भरायला हिरवा खण आणला.

ओटीच्या आदल्या दिवशी सकाळी मावशी आणि त्यांच्या दोन शेजारणी माझ्या दारात आल्या.

“बाई, पानी चाललंय वो.”

मी त्यांच्याबरोबर गेले. तळं निम्म्यावर आलं होतं. भेगेच्या जागी गुडघाभर पाण्यात एक छोटा भोवरा फिरत होता आणि सूं सूं आवाज येत होता. मला सगळं माहीत होतं. भाकरीचं भोक मी डोळ्यांनी पाहिलं होतं, वर्गाच्या दारात उभी राहून ओरडलेही होते. पण वर्षभर टँकरपुढं रांगेत घागर घेऊन उभं राहिलेल्या माणसानं डोळ्यांदेखत पाणी जमिनीत जाताना बघणं वेगळं. ते मला बघवेना. त्यात उद्या ओटी. चिखलाची ओटी कशी भरायची?

मावशी म्हणाल्या, “लिंपून घिऊ का? पन सरास्नी इचारा आदुगर. त्यांचं काय तरी न्यारंच हुतं.”

मी म्हटलं, “नको. सरांना कशाला? लिंपा.”

हेच मी पुढं कितीतरी वर्षं कुणाला सांगितलं नाही. त्या विचारू म्हणाल्या होत्या. नको मी म्हटलं होतं.

मावशींनी काळी माती, शेण आणि भुसा तुडवला, तिघींनी मिळून गोळेच्या गोळे भेगेत ठासले, वरून पायांनी दाबले. मीही साडी खोचून उतरले होते. भोवरा मंदावला, थांबला. सूं सूं बंद झालं. मावशींनी तळहातानं पाण्याखालची माती सारवल्यासारखी फिरवली आणि म्हणाल्या, “आता सासरला आल्यावानी ऱ्हाईल.” आम्ही चौघी खळखळून हसलो. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला फार आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी ओटी थाटात भरली. खण पाण्यावर तरंगला, अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. सर मात्र, पानावर बसून न जेवणाऱ्या पाहुण्याकडे यजमानानं बघावं तसे तळ्याकडे बघत होते. “गळत कसं नाही?” ते पुटपुटले. “बाई, गळत कसं नाही?” मी पदर सारखा केला.

महिना सरला. गावविहिरीत होतं तेवढंच गढूळ पाणी. पोरं रस्त्यात विचारायला लागली, “सर, मिलोची भाकर कुटं आडकली?” सरांनी एका सोमवारी पृथ्वीचा गोल उचलून हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवला आणि भूगोलाच्या बदली सूतकताईचे तास मागून घेतले. हेडमास्तरांनी परोपरीनं सांगितलं, अहो, बोलण्याच्या भरात माणूस म्हणतो. सर म्हणाले, “दगड शब्द पाळतो. मी का नको?”

त्यांचा सूतकताईचा तास बघवायचा नाही. टकळी फिरवत म्हणायचे, “बघा, ही टकळी स्वतःभोवती फिरते, जरा कललेली, जशी आपली...” आणि जीभ चावायचे. “नाही. हा भूगोल झाला. सूत काढा.” मुलं हसायची. मी शेजारच्या वर्गात गंधकाचे गुणधर्म सांगत असायचे, आणि मधली भिंत पातळ होती. रोज ठरवायचे की आज सांगायचं. रोज मधली सुट्टी संपायची.

एका रविवारी सर माझ्या दारात उभे. “बाई, चला, विहिरीत उतरायचंय.”

“पण सर, तुम्ही तर...”

“शिकवणं सोडलंय. शिकणं नाही.”

विहिरीत लाल पट्टा ठणठणीत कोरडा होता. तिथून ते तडक तळ्यावर गेले, मी मागे. धोतर वर घेऊन पाण्यात शिरले, पायानं चाचपायला लागले आणि भेगेच्या जागी थांबले. वाकून हात घातला, मूठभर काहीतरी वर काढलं आणि अर्थातच जिभेवर ठेवलं.

“शेण!” सर ओरडले. त्यांच्या चेहऱ्यावर दिवाळी होती. “बाई, शेण आहे! भुसा आहे! ही ओढ्याची माती नव्हे, हे लिंपण आहे! आणि काय लिंपण आहे! थेंब जात नाही!”

मी तोंड उघडलं. ते ऐकत नव्हते.

“तुम्हांला कळतंय का काय झालंय? कुणीतरी आपला अर्धा प्रयोग करून ठेवलाय! भोक बंद, विहीर कोरडी. आता भोक उघडायचं. विहीर वर आली की झालं सिद्ध! उतरा, उतरा पाण्यात!”

मीच ठासलेलं लिंपण मी नखांनी उकरून काढलं. सर शेजारी लहान मुलासारखे चिखल उडवत होते. एकदम पाण्यानं हात आत ओढल्यासारखा झटका बसला, सूं सूं सुरू झालं आणि भोवरा पुन्हा फिरायला लागला. आम्ही दोघं ओलेचिंब, शाळेतले शिक्षक, ओढ्यात उभे राहून टाळ्या पिटत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी विहिरीवर निम्मं गाव जमलं. सर म्हणाले, “आज मी नाही उतरणार. माझ्या डोळ्यांवर तुमचा विश्वास नाही. विज्ञानाच्या बाई उतरतील.” फळीवर बसून मी खाली गेले. मुरूम गेला, काळा फत्तर आला, उजेड कमी होत गेला, अंगाला गारवा लागला. मग लाल पट्टा. मी तळहात टेकवला. तो ओला होता. वरच्या खडकाच्या आणि लाल मातीच्या सांध्यातून बारीक धार फुटत होती. मी ओंजळ लावली. ओंजळीत गढूळ पाणी साठलं आणि पाण्यावर एक काडी तरंगली. पिवळी, नखाएवढी.

“काय दिसतंय?” वरून सर.

“पाणी आहे, सर! पाण्यात भुसा आहे!”

मग सरांचा आवाज फुटला, “भुसा आला! तळ्यातला भुसा विहिरीत आला! रस्ता मोकळा आहे हो, रस्ता मोकळा आहे!” आणि सगळं गाव ओरडलं. विहिरीत तो आवाज अंगावर कोसळल्यासारखा आला. मी फळीवर बसून रडत होते, हसत होते, सगळं एकदम.

त्या गलक्यात कुणीतरी विचारलं, “पन भुसा घातला कुनी?”

काठावर गंगूमावशींचं तोंड दिसलं. त्यांनी आधी खाली, माझ्याकडे पाहिलं. मग मागे वळून म्हणाल्या, “आमी लिंपलं. आमी तिघींनी. आमाला आडान्यास्नी काय कळतंय?”

मी खाली होते. वर आवाज पोचत होता, नुकताच पोचला होता. मी गप्प बसले.

सर म्हणाले, “अडाणी कसल्या? अहो, असलं लिंपण सिमेंटला जमायचं नाही! मावशी, आपण साठवणीचं तळं बांधू ना, त्याचा तळ तुमच्याकडे!” दुसऱ्या सकाळी त्यांनी हेडमास्तरांच्या टेबलावरून गोल परत आणला, दोन्ही हातांत धरून, पोर आणावं तसा. पुढं त्यांची बदली होईपर्यंत ते वर्गात सांगायचे, “एक प्रयोग आमच्या गावात गंगूमावशींनी केला.” पण गाव तसं सांगत नव्हतं. गाव म्हणायचं, अडाणी बायांनी तळं लिंपलं होतं, मास्तरनं वाचवलं. सरांना मी एकदा, बदलीच्या दिवशी, एस.टी.च्या दारात सांगायला गेले, “सर, त्या लिंपणात मी...” तर ते म्हणाले, “हो, हो, ते लिंपण! काय चव होती!” आणि गाडी सुटली. ज्याच्यावर अन्याय केला त्यानं तो कधी पाहिलाच नाही. मग माफी तरी कुणाकडं मागायची?

ती मावशींकडे मागायला हवी होती. गेल्या उन्हाळ्यात मावशी गेल्या. ओढ्याकाठी माणसं जमली होती, आणि एकजण हळूच हसून दुसऱ्याला म्हणाला, “तळं लिंपनारी म्हातारी ती हीच.” मी पुन्हा गप्प बसले.

आता सरांचा भूगोल मीच शिकवते. मिलो मिळत नाही. लाल थरासाठी मी नाचणीच्या भाकरीवर भागवते. यंदाही भोक पाडलं, पाणी ओतलं, मुलं ओरडली. मग नेहमीप्रमाणे तळ्याची गोष्ट सांगितली. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.

“बाई, त्या लिंपनाऱ्या बायांत शिकल्यालं कुनीच नव्हतं व्हय?”

माझ्या हातात तांब्या होता. तो मी खाली ठेवला.

“होतं,” मी म्हटलं. “मी होते. मला सगळं माहीत होतं. मावशी म्हणत होत्या सरांना विचारू, मी नको म्हटलं. तळं मी लिंपायला लावलं.”

आता काय होईल, त्यासाठी मी इतकी वर्षं तयारी करत होते. मुलगी उभीच होती. डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होती, आणि त्या डोळ्यांत मी एकदा सरांच्या चेहऱ्यावर पाहिलेलं काहीतरी होतं, ओढ्यात, शेणाच्या चवीवर.

“मंजी बाई, ईरीत उतरल्याल्या तुमीच?” ती म्हणाली. “मग सांगा की! लाल थरातनं पानी आलं तवा कसं दिसत हुतं?”

“आधी नुसता घाम आल्यासारखा होता तो थर,” मी म्हटलं. “हात लावला तर गार. मग सांध्यातून एक थेंब लोंबायला लागला, जाड होत गेला...”

सगळा वर्ग बाकांसकट पुढं सरकला.